डाव्या हाताचं पिस्तूल

मी झोपलेली नाही. आधीच सांगते, कारण नंतर सगळे म्हणतील, पोरगी झोपली होती. रेंजच्या मागं वाळूच्या पोत्यांवर पडलेय. ऊन पायावर आलंय. पत्र्याच्या पलीकडं पोरं डबे खातायत, हसतायत. जेवण झालं की माझी शेवटची फेरी. दळवी सर सकाळी सगळ्यांदेखत बोललेत, "पाटोळे, नेम बसला तर जिल्ह्याच्या टीममध्ये. नाही बसला तर उद्यापासून आईबरोबर शिलाईला बस. शाळा झेपली नाही, हे काय झेपणार?"

शाळा झेपली नाही असं नाही. मी सोडली. फरक आहे.

उन्हानं पत्रा कडकड वाजतो. परत वाजतो. मग तो पत्रा नसतोच, कुणीतरी मॅगझिनमध्ये काडतुसं भरतंय.

"ए ठिणगे, पाय आवर."

कुंदा आत्या. हवालदार कुंदा पाटोळे, पोलीस टीमची नेमबाज, गेल्या साली कावीळ होऊन गेली. खाकीला कडक इस्त्री, अंबाड्यात पेन खोचलेलं. मी पाय आवरते. ती बसते आणि पोतं दबतं.

"तू मेलीस ना?"

"मेले म्हणून काय नेम जातो होय? ऊठ."

पोत्यांमागं दार आहे. आत तिचं स्वयंपाकघर. मांडणीवर ताटांच्या जागी पिस्तुलं उभी आहेत, सगळी नाइन एमएम, पोलिसांची. जिवंत होती तेव्हा एकालाही हात लावू दिला नाही तिनं. "कायद्यात बसत नाही," म्हणायची, "आणि तुझा राग तर कशातच बसत नाही." आज म्हणते, "निवड."

मी सगळ्यात चकचकीत उचलते.

"नवरी बघायला आलीस का? डोळे मीट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धर. आता उघड."

उघडते तर पिस्तूल फ्रिजकडं बघतंय.

"आणि बोट बघ. चापापर्यंत ताणतंय. मूठ तुझ्यापेक्षा मोठी, म्हणजे ते तुझं नाही. ठेव."

दुसरं घेते, ते खिडकीकडं बघतं. तिसरं जड, मनगट वाकतं. माझं डोकं फिरायला लागतं. आत्या ओट्याला टेकून गवारीच्या शेंगा मोडतेय.

"आदळू नकोस. काचेच्या बांगड्या घेताना हात बघून घेतेस, आणि हे दुकानदार देईल ते घेणार होय?"

खालच्या फळीवर एक जुनं आहे. रंग गेलाय, मूठ सपाट, खाचा नाहीत, कुठल्याही हाताला चालेल असं. असल्याच मुठीचं एक छर्‍याचं पिस्तूल आमच्या क्लबच्या कपाटात पडलंय, त्याला कुणी विचारत नाही. मी ते जुनं उचलते, डोळे मिटते, उघडते. तरी जरा बाजूला जातं.

"डाव्यात घे."

"डाव्यात? सर म्हणतात, रेंजवर उजवाच हात."

"सर गेले उडत. जेवतेस कुठल्या हातानं?"

"आईसमोर उजव्या."

"आणि आई नसताना?"

मी डाव्यात घेते. डोळे मिटते, उघडते. नळीच्या टोकावरची नेमाची माशी, तो लोखंडी उंचवटा, सरळ तारखेवर बसलीय. काही हलवावं लागत नाही.

कॅलेंडर मोठं होतं, काळं होतं. फळा आहे. आमचा वर्ग, बाक रिकामे. याच फळ्यासमोर बाईंनी माझ्या डाव्या हातावर पट्टी मारली होती. मी ती पट्टी मोडली, घरी आले, आणि परत गेलेच नाही. पट्टीचे दोन तुकडे अजून टेबलावर आहेत. फळ्यावर खडूनं काढलेला गोळा.

"दोन्ही तळहात पुढं धर. मधे भोक ठेव. त्यातनं गोळा बघ. आता डावा डोळा मीट."

"गेला!"

"उजवा मीट."

"आहे. आहे की गं."

"मग बघतो कोण तुझा? डावा. आणि त्यालाच मिटून तू सहा महिने नेम धरतेस." ती शेंग मोडते. शेंग इथंही आहे. "मार."

मी मारते. वर्ग हादरतो. भोक गोळ्याच्या खूप खाली. परत मारते, परत खाली. तिसर्‍यांदा चाप दाबते आणि नुसतं खट्. गोळी नाही. पण पिस्तुलानं मान खाली घातलेली मला दिसते.

"मधे एक रिकामं काडतूस घातलंय मी," आत्या म्हणते. "धडाका झालाच नाही, तरी तू हिसका दिलास."

"मी घाबरत नाही."

"घाबरत नाहीस. भांडतेस. चापाशी कसलं भांडण? त्यानं तुझं काय घोडं मारलंय? माशी स्पष्ट ठेव, गोळा धूसर झाला तर होऊ दे. दाबत जा. कधी सुटलं ते तुलाच कळलं नाही पाहिजे."

"आणि राग?"

"असू दे की. मी कुठं टाक म्हणाले? पायात ठेव. बोटात येऊ देऊ नकोस."

मी पाय रोवते. सर, बाई, पत्र्यापलीकडं हसणारी पोरं, सगळी टाचेखाली. माशी उभी राहते. मी दाबत जाते, दाबत जाते.

गोळ्याच्या मधोमध फळा फुटतो. त्यातनं ऊन आत येतं.

"आई गं!" अंगठा आणि बोटाच्या मधे काहीतरी कचकन चावतं.

"हात फार वर चढवलास. जुन्याचा घोडा मागं आपटतो, चावतो," ती हसते. "चावू दे. लक्षात राहील."

"थांब ना. सर बघतील तेव्हा थांब."

"मला ड्युटी आहे," म्हणते आणि अंबाड्यातलं पेन नीट खोचते.

शिट्टी वाजते.

"पाटोळे! झोपलीस काय?"

पोतं माझ्या शेजारी दबलेलं आहे. ते मीच दाबलं असेल. पण डाव्या हाताला अंगठ्याच्या बेचक्यात लालभडक चिमटा आहे, कातडं उचकटलंय, रक्ताचा थेंब आलाय. आमच्या छर्‍याच्या पिस्तुलाला चावणारा घोडाच नसतो.

मी रेषेवर जात नाही. सरांसमोर जाऊन उभी राहते.

"कपाटाची चावी द्या. ते सपाट मुठीचं पाहिजे."

"ते जुनं? आणि मारणार कुठल्या हातानं?"

पोरं हसायच्या बेतात आहेत. मी रक्त पँटला पुसते आणि डावा हात पुढं करते.