वर बघणारा बेर्नात

बेर्नातचा धंदाच वर बघण्याचा. कडे चढायला परदेशातून आलेल्या लोकांना आपल्या खटारा व्हॅनमध्ये घालून तो हिवाळ्यात मोंतसांतच्या कड्यांवर न्यायचा, उन्हाळ्यात उत्तरेकडच्या थंड डोंगरांत. पाहुणा भिंतीला चिकटून वर सरकायचा आणि खाली बेर्नात दोर धरून, मान मागे टाकून, पापणी न लववता त्याच्याकडे बघत उभा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही माणूस पडला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताही सांगायचा.

गावात तो कमीच सापडायचा. पण ऑगस्टातली संत रोकची जत्रा त्यानं कधी चुकवली नाही. चर्चपुढच्या चौकात माणसांचा मनोरा उभा राहतो, त्याच्या तळाला फ्रुइतोस. गावचा बेकरीवाला, बैलाच्या मानेचा, बेर्नातचा लहानपणापासूनचा दोस्त. त्या फ्रुइतोसच्या पाठीला छाती भिडवून त्याला रेटून धरायचं, ही बेर्नातची जागा.

यंदा तर सगळ्यांत वरच्या थरावर बेर्नातची पोर ब्रुना पहिल्यांदा चढणार होती. महिनाभर तिनं एकही सराव चुकवला नव्हता. बाप मात्र कुठल्याशा जर्मन मंडळींना घेऊन डोंगरात. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी उगवला.

"या पाहुणे," रेमेई म्हणाली. मनोऱ्यात कोण कुठे उभं राहणार हे ती ठरवायची. म्हातारी फटकळ, पण तिच्या शब्दाबाहेर चौकात पान हलत नसे. "सरावाला नव्हतास. तुझ्या जागी दुसरा घेतलाय."

"अगं, दोर धरून धरून माझे केस पिकले. पोर वर असताना मी काय कडेला उभा राहून टाळ्या पिटू?"

"दोर वेगळा, पाठ वेगळी. तळातला माणूस वर बघत नाही."

"ते मला शिकवतेस?"

"असू दे गं," फ्रुइतोस मध्ये पडला. "त्याची छाती माझ्या पाठीच्या ओळखीची आहे."

अशी ती जागा मिळाली. दोस्ताच्या भिडेनं मिळालेली, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी चौक खच्चून भरला. कमरेला काळे पट्टे करकचून आवळलेली माणसं एकमेकांना बिलगली, हनुवटी छातीला लावून. वर काय चाललंय ते तळातल्यांनी सनईच्या सुरावरून ओळखायचं, डोळ्यांनी नाही. एकेक थर चढला. मग बेर्नातच्या खांद्यावर एक हलकं अनवाणी पाऊल पडलं आणि पुढे गेलं. ते त्यानं बरोबर ओळखलं.

सनई चढत चालली. वरून कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणालं. जित्याची खोड ती. बेर्नातनं मान मागे टाकली.

त्याला आभाळ दिसलं आणि ब्रुनाची पाठ दिसली. पण मान मागे गेली तशी छाती सुटली. फ्रुइतोस कण्हला, त्याची पाठ हलली, आणि ती थरथर एकेका थरातून वर गेली. मनोरा कोसळला.

फार कुणाला लागलं नाही. ब्रुना माणसांच्या पाठीवर पडली, कोपर तेवढं खरचटलं. रेमेईनं तिला जवळ घेतलं.

"भ्यालीस ना? गुडघे लटपटले असतील. होतं असं. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या पोरीला, ओनाला चढवू, तू जरा मोठी हो."

"मला नाही कळलं कधी लटपटले ते," ब्रुना म्हणाली आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

बेर्नात हाताच्या अंतरावर होता. त्याच्या हातून पहिल्यांदा कुणी पडलं ते पोटचं पोर, हे चारचौघांत सांगायचं कसं? लाजेनं त्याचे कान तापले, पण जीभ काही उचलेना. मला विचाराल तर मनोरा पाडण्यापेक्षा ही चूक मोठी. माणूस नकळत पाडतो, गप्प बसतो ते मात्र समजून-उमजून.

जेवणाची लांब टेबलं चौकातच मांडली होती. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेलं सॉसेज, वाइन. ब्रुनानं पावाला हात लावला नव्हता. बाप समोरच बसलेला असताना ती फ्रुइतोसच्या कानाशी लागली.

"काका, माझ्यामुळे तुझी पाठ दुखावली का रे?"

"नाही गं बाळ," फ्रुइतोस म्हणाला आणि बेर्नातकडे न बघता पाव कापत राहिला.

ते न बघणं बेर्नातला सोसलं नाही. तो उठला.

"पोर भ्याली नव्हती. मी वर बघितलं."

रेमेईनं हातातला पेला खाली ठेवला.

"मला तेव्हाच कळलं होतं," फ्रुइतोस हळूच म्हणाला. "पाठीला कळतं. पण ते मी सांगायचं नव्हतं."

बेर्नातला वाटलं, आता रेमेई फाडून खाईल. बरं होईल, एकदाचं मोकळं होता येईल. पण बोलली ती ब्रुना.

"का बघितलंस, बाबा?"

"वाटलं, पडशील."

ब्रुनानं पाव उचलला.

"मी एकदाही खाली नाही बघितलं," ती म्हणाली. "तू होतास ना खाली."