अर्थिंगचा राहिलेला खड्डा

मित्रांनो, गच्चीवरचं सोलार मी एकट्यानं बसवलं, हे इथं किती वेळा मिरवलं असेल! पॅनलचा कोन मोजून एकोणीस अंश, नट-बोल्ट सगळे स्टेनलेस स्टीलचे. फक्त अर्थिंग राहिलं होतं. त्यासाठी अंगणातली फरशी फोडून खड्डा घ्यावा लागतो. साडेचार हजार वाचतात म्हणून 'नंतर बघू' म्हणालो.

आज सकाळी बायको ओले कपडे वाळत घालत होती. दोरी पॅनलच्या लोखंडी स्टँडलाच बांधलेली. एकदम ओरडली. धावत गेलो, तर हात चोळत खाली बसलेली.

"शॉक बसला?"

"हाव. आठ दिवस झाले, झिणझिण्या येऊनच राहिल्यात. आज लई जोरात बसला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय? तुम्ही म्हणले असते, तुला काय कळतंय त्यातलं."

खरंय. हेच म्हणालो असतो.

लगेच सिस्टीम बंद केली. वायरमन बोलावून दुपारी फरशी फोडली, अर्थिंग करून घेतलं. मीटर लावून तीनदा तपासलं. तरी तिनं दोरी सोडून खाली अंगणात बांधली.

तुमच्या घरी कुणी काही सांगायचं टाळतंय का? मी आठ दिवस त्याच गच्चीवर जा-ये करत होतो, मला कळलं नाही.