खांद्यावरून माणूस ओळखणारे मास्तर

शिंपीमास्तर रस्त्यात दिसेल त्याला "काय, कसं काय?" म्हणत, मग ते गिऱ्हाईक असो, व्याही असो नाहीतर विजेचा खांब. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. माणूस ओळखायचा तो उतरत्या खांद्यावरून, चालीवरून, नाहीतर आपण शिवलेल्या कपड्यावरून. सगळ्या जगाचं असंच असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

लेकीचं मात्र अडलं. मोठ्या हौसेने तिने बालवाडीत नोकरी धरली, पण सारख्या निळ्या एप्रनमधली पोरं तिला एकसारखीच दिसत. आठवडा झाला तरी ती रोज नावं विचारतेय! घरी येऊन ती ढसाढसा रडली. "बाबा, माझ्या डोक्यातच बिघाड आहे. सोडते मी नोकरी."

मास्तर तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी फोटो दाखवून तपासलं. "बुद्धी चांगली लख्ख आहे. चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग तेवढा वेगळा घडलाय. पोटात असताना मेंदू घडतो त्यात जनुकांचा मोठा वाटा असतो, म्हणून हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. घरात आणखी कोणाला आहे?"

"छे हो! आम्ही सगळे ठणठणीत," असं ठणकावून मास्तर पाणी प्यायला बाहेर गेले. परत येताना त्यांना बाकावर पिवळा ड्रेस दिसला. "चल गं बाळ," म्हणत हात धरून ते चालूही लागले. ड्रेस त्यांनीच शिवलेला होता, लेकीच्याच ड्रेसच्या ताग्यातला. आतली मुलगी मात्र भलत्याच कोणाची तरी! खरी लेक दारात पोट धरून हसत होती आणि तिच्यामागे डॉक्टरीणबाई.

"सापडलं घराणं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी तुमच्यावर गेलेय, बाबा!" लेकीचे डोळे वाहत होते, पण आता आनंदाने.

"घ्यायचंच होतं तर काजं करायचा हात घ्यायचास," मास्तर पुटपुटले. मनातून मात्र त्यांना कोण आनंद झाला होता.

दोन दिवस मशीन खडखडलं आणि प्रत्येक एप्रनला वेगळ्या रंगाचा खिसा लागला. बालवाडीचं काम सुरळीत चाललं ते मधल्या सुट्टीपर्यंत. मग दोन कारट्यांनी एप्रनची अदलाबदल केली आणि साळसूद चेहऱ्याने पुढ्यात येऊन उभे राहिले. लेक, म्हणजे पोरांच्या बाई, लाल खिशाकडे बघताहेत, हिरव्याकडे बघताहेत. तेवढ्यात एकाला फिस्सकन हसू फुटलं, आणि त्या हसण्यावरून बाईंनी त्याला बरोबर त्याच्या नावाने हाक मारली.

"बाईंना कळलं! बाईंना कळलं!" पोरं नाचायला लागली. त्यांच्यात सगळ्यांत उंच उडी बाईंचीच होती.