जांगडातली जांभळी साडी

ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी कपाशीनं दगा दिला होता आणि अकोल्याच्या कापडबाजारात दुकानदार दारात बसून माशा मारत होते. तरी आमच्या सेठजींनी जांगड बंद केलं नव्हतं. म्हणजे साड्यांचा गठ्ठा घरी न्यायचा, बायांनी पसरून पाहायचा, पसंत ठेवायच्या आणि बाकीच्या परत करायच्या. पूर्वी हे सगळं विश्वासावर चाले. त्या वर्षी मात्र सेठजींनी गठ्ठ्याचे पूर्ण पैसे आधी वाजवून घेतले. साड्या परत आल्या की त्यांचे पैसे परत.

वीस साड्या आणल्या. आहेराच्या नऊ ठेवल्या आणि उरलेल्या पिशवीत कोंबून मी दुकानात टाकून आले. सेठजींनी साड्या मोजल्या, चिठ्ठ्यांवरचे भाव पाहून पैसे हातावर ठेवले. घरी येऊन बाबांनी हिशेब केला, तर सहाशे पन्नास रुपये जास्त! बाबांनी दोनदा मोजले आणि चष्मा काढून हसले. कोर्टात कारकुनी करणारा माणूस, फुकटचा रुपया त्यांना कधी दिसला नव्हता. म्हणाले, याच सेठनं मागं पोरीच्या ड्रेसचा रंग गेला तेव्हा हात वर केले होते, आता भरपाई झाली. मला तर बाबा एकदम न्यायाधीशच वाटले. त्या पैशांच्या सँडलसुद्धा मी मनातल्या मनात घालून पाहिल्या. टाच जरा उंच होती, पण चालल्या असत्या.

आई शिवणाच्या मशीनवर होती. ती साड्यांना फॉल-पिको करायची, गल्लीतल्या निम्म्या साड्यांना तिचाच टाका. मान वर न करता म्हणाली, "लेकीच्या लग्नात मले दुसऱ्याचा पैसा नाई पायजे. जा, देऊन ये."

उन्हात पाय आपटत निघाले. वाटेत ठरवलं, निदान सेठजींकडून प्रामाणिकपणाची तारीफ तरी ऐकायची, चार गिऱ्हाइकांसमोर. म्हणून पैसे गल्ल्यावर ठेवताना आवाजही जरा मोठाच काढला. सेठजींनी शांतपणे वही पाहिली.

"बेटा, मी जास्त कुठं दिले? बारा साड्या आल्या, बाराचे दिले."

विसातून नऊ गेल्या तर उरल्या अकरा. मग बारावी कुठली? सेठजी म्हणाले जांभळी होती, पिवळ्या काठाची, आमचीच चिठ्ठी, आमचीच पिशवी. ती विहिणीच्या मानाची साडी! आईनं दिवाळीतच याच दुकानातून घेऊन ठेवलेली, फॉल-पिकोचे रुपये साठवून. फॉलसुद्धा स्वतःच्या हातानं लावलेला. त्या दिवशी ब्लाउजपीस जुळवायला म्हणून गठ्ठ्याशेजारी ठेवली होती, आणि मी डोळे झाकून तीही भरली होती.

बरं, ती परत द्या म्हटलं तर गेलेली! जठारपेठेतला एक माणूस बाहेरगावच्या बहिणीसाठी गठ्ठा घेऊन गेला होता, तिच्याही घरी लग्न होतं. संध्याकाळी त्याच्या बाकीच्या साड्या परत आल्या. जांभळी तेवढी ठेवून घेतली.

घरी सांगितलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "काहून पाह्यलं नाई वं तू?" आणि मशीनकडे वळली. मला इतकी लाज वाटली की सँडलचं नाव पुन्हा काढलं नाही. लग्न चार दिवसांवर, आणि विहिणीसमोर आईची मान खाली जाणार ती माझ्यामुळे. त्याच सहाशे पन्नासात आईनं विहिणीला दुसरी साडी घेतली, पोपटी. दुकानात पाच मिनिटंसुद्धा थांबली नाही.

खर्च झेपेना म्हणून लग्न अमरावतीला, वरपक्षाच्या दारी होतं. विहिणीनं पोपटी साडी पाहिली, तोंड जरा वाकडं केलं आणि ठेवून दिली. मग तिनं आईच्या मांडीवर मानाची साडी ठेवली. जांभळी, पिवळ्या काठाची! जठारपेठेतल्या त्या माणसाची बहीण म्हणजे हीच बाई.

"अकोल्याहून आणवली, भावाकडून," विहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "फॉलही लावून घेतला हं मी."

आईनं साडीची कड उलटली. आपला टाका ती अंधारातही ओळखेल. मी तिच्याकडे पाहीना. आता ही बोलते की काय!

आई म्हणाली, "हात चांगला आहे हो. कोणी लावला?"

"आमची ओळखीची बाई आहे," विहीण म्हणाली. "जरा महाग घेते, पण काम साफ."

आईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं लेकीची पाठवणी आठवली.

परतीच्या मॅटाडोरमध्ये बाबा झोपले होते. मूर्तिजापूर मागे गेलं तरी आईनं जांभळ्या साडीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी हळूच माफी मागितली. तिनं माझा हात दाबला.

"खरं सांगू? दिवाळीत ही घेतली, तेव्हाच माह्या मनात भरली होती. तिले द्याचं जिवावर आलं होतं," ती म्हणाली. "एवढी भारी साडी मी माह्यासाठी कधी घेतलीच नसती."