पहिल्या सर्व्हिसपर्यंत डबल सीट नाही

सरावलीच्या आमच्या चाळीत नवी मोटरसायकल येणं ही काही मोठी बातमी नव्हे. हप्त्यावर गाडी मिळते, आणि हप्ता नसलेला माणूस आमच्याकडे भाडेकरू म्हणूनसुद्धा घेत नाहीत. पण रामकिसनभाऊंनी गाडी घेतली तेव्हा अख्खी चाळ ओट्यावर आली. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ, उतार लागला की सायकलवरून उतरून तिला हाताला धरून खाली आणणारा. तो इंजिनवर बसणार म्हणजे बघायला हवंच.

गाडी खरं तर त्यांनी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. ती राहीबाईंच्या गुडघ्यांसाठी होती. राहीबाई म्हणजे त्यांची बायको. कपड्याच्या कारखान्यात उभ्यानं धागे कापून कापून तिचे गुडघे गेले होते. घरापासून नाक्यापर्यंत चालायचं, तिथून शेअर रिक्षात कोंबून घ्यायचं आणि कारखान्यात पुन्हा दिवसभर उभं राहायचं. रामकिसनभाऊंची केमिकल कंपनी त्याच रस्त्यावर, तिच्या कारखान्याच्या गेटच्या थोडी अलीकडे. "सकाळी मागं बसायचं, गेटावर उतरायचं. राणीसारखं," असं त्यांनीच तिला कबूल केलं होतं. हिंगोलीकडून इथे आल्यापासून त्यांनी बायकोला कबूल केलेली ही बहुधा पहिलीच चैन.

आता रामकिसनभाऊंचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते कंपनीत रिॲक्टर चालवतात. रिॲक्टर म्हणजे रसायनं शिजवायचं दोन मजली पातेलं. त्यात साहेबानं ऐंशी डिग्री सांगितलं तर ऐंशी. एक्याऐंशी झालं की हा माणूस वाफ बंद करून, हात बांधून उभा. स्वतःचं डोकं चालवणारे दोघे तिथे होऊन गेले. त्यांचे फोटो कँटीनमध्ये चहाच्या यंत्रावर लावलेत आणि दसऱ्याला त्यांना झेंडूचा हार मिळतो. रामकिसनभाऊंना तो हार नको होता. त्यामुळे सूचना म्हणजे सूचना. तिचा अर्थ लावायचा नाही, ती पाळायची.

तर पालघरच्या शोरूममध्ये नारळ फुटला, हार पडला, आणि चावी देता देता तिथला निमेश नावाचा मुलगा तोंडातला पेढा सांभाळत म्हणाला, "काका, पहिल्या सर्व्हिसपर्यंत पंचेचाळीसच्या वर नाय जायचं. आणि ओव्हरलोड नाय करायचं."

राहीबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. पदर खोचला आणि मागे बसायला गेल्या.

"उतर," रामकिसनभाऊ म्हणाले.

"का वो?"

"ओव्हरलोड."

सगळं शोरूम हसलं. त्यांना वाटलं, काका बायकोची थट्टा करताहेत. राहीबाई अंगानं भरलेल्या, त्याही हसल्या. हसत हसतच त्या रिक्षानं घरी आल्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन. रामकिसनभाऊ त्यांच्या बऱ्याच नंतर पोचले.

मग ते रोजचं झालं. सकाळी भाऊ हेल्मेट चढवून, चाळीसच्या वेगानं, रस्त्याच्या अगदी कडेनं निघत. थोड्या वेळानं मागून शेअर रिक्षा येई आणि त्यांना मागे टाकी. त्या रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला, अर्ध्या मांडीवर, राहीबाई. ड्रायव्हर ओरडे, "अरे चाचा, धक्का मारूं क्या?" आणि मागे बसलेल्या, चाळीतल्या मंदाकडे वळून राहीबाई म्हणत, "बघ गं, कुणाचा नवरा हाय तो. लई सावकाश चाललाय बिचारा."

घरी आल्यावर मात्र बोलणं ठेवणीतलं निघे.

"अवो, मी कंपनीच्या काट्यावर वजन करून येऊ का? ट्रकाचा काटा हाय तिथं. पावती आणते."

"पहिली सर्व्हिस होऊ दे, राही. इंजिन नवं हाय."

"बायको जुनी हाय म्हणा की."

आम्ही शेजारीही समजावून थकलो. मी म्हटलं, "भाऊ, सगळं जग दोघं दोघं बसून जातं. आमच्या समोरचा विपुल तर पहिल्याच दिवशी तिघांना घेऊन आला."

"जग जाईना का. शोरूमवाल्यानं सांगितलंय."

"मग एकदा फोन करून विचारा तरी."

"फोनवर कोण कोण बोलतं. सर्व्हिसला गेलो की समोरासमोर विचारतो."

सर्व्हिस पाचशे किलोमीटरला. तो आकडा लवकर यावा म्हणून राहीबाईच त्यांना पिटाळू लागल्या. "जा, चिंचणीला जाऊन या. समुद्र बघा. पण काटा पुढं सरकवा." आणि सुट्टीच्या दिवशी चिंचणीच्या किनाऱ्यावर, जोडप्यांच्या आणि भेळेच्या गर्दीत, एक माणूस हेल्मेट न काढता समुद्राकडे तोंड करून उभा दिसे. थोडा वेळ समुद्र बघायचा, सुकट घ्यायची आणि परत फिरायचं. सुकटीची पिशवी मात्र मागच्या सीटवर बांधलेली असे. राहीबाईंनी तेही पाहिलं. "तिला बसू देतात," एवढंच म्हणाल्या.

आकडा चारशेच्या पुढे गेला होता, तेव्हा ते घडलं.

सकाळची वेळ. रिक्षानं भाऊंना मागे टाकलं. पुढे वळणावर खड्डा, समोरून टँकर. रिक्षाचं चाक खड्ड्यात गेलं आणि रिक्षा कलंडली. आतल्या बायकांना खरचटलं, मुका मार लागला. पण राहीबाई कडेला अर्ध्या मांडीवर होत्या, त्या खाली आणि रिक्षा वर. रामकिसनभाऊ मागूनच येत होते. त्यांना सगळं लांबून दिसलं. मंदा पुढे सांगत होती की तेव्हाही भाऊ त्याच वेगानं आले. हात मूठ पिळायचं विसरला असावा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने अंथरूण, मग काठी घेऊन चालतील. रामकिसनभाऊंनी एकच गोष्ट विचारली. "मोटरसायकलवर?" डॉक्टर कागदावर लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "ते विसरा आता."

त्यानंतर गाडी दारात उभीच राहिली. पण किलोमीटर भरले नसले तरी सर्व्हिसची मुदत संपत आली, आणि ती चुकली तर वॉरंटी जाते, असा शोरूममधून फोन आला. भाऊ जाईनात. शेवटी खाटेवरून राहीबाईच गरजल्या, "जा म्हणते ना! माझा पाय गेला तो गेला, आता गाडीची तरी गॅरंटी राहू द्या." आणि मला म्हणाल्या, "दादा, तुमी जा संगं. लक्ष नसतं त्यांचं."

मी बसनं गेलो. नियम अजून चालू होता.

शोरूममध्ये निमेशनं गाडी आत घेतली. काचेपलीकडे मुलं तिचं ऑइल काढत होती, साखळी ताणत होती. दुपारी बिल आलं. फुकट सर्व्हिसचं बिल चौदाशे आणि वर काही. देवळात दर्शन फुकट असतं आणि चपला ठेवायचे पैसे पडतात, तसंच इथंही. मजुरी माफ. ऑइल, फिल्टर, धुणं आणि कसलंसं पॉलिश आपल्या डोक्यावर. कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजारात अर्धा तास भांडणारे रामकिसनभाऊ बिलाकडे न बघता पैसे मोजू लागले, तेव्हा मलाच राहवलं नाही.

"अहो निमेश, पॉलिश कुणी सांगितलं होतं?"

"सगळ्यांनाच मारतो, काका. नवी गाडी आहे ना."

भाऊंनी मला हातानं थांबवलं. मग निमेशला विचारलं, "एक इचारायचं होतं. सर्व्हिसच्या आधी डबल सीट बसलं असतं, तर काय झालं असतं?"

"डबल सीट? काय होणार?"

"इंजिनला."

"काहीच नाय होत, काका. दोघांसाठीच तर गाडी बनवतात. ओव्हरलोड म्हणजे लोक तिघं-चौघं बसतात, गॅसचे सिलेंडर नेतात, ते." तो हसला. "का? तुम्ही काकींना बसवलंच नाय की काय?"

रामकिसनभाऊंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते निमेशला कळलं नाही. त्यानं चावी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाहेर येऊन भाऊंनी गाडी सुरू केली. मागची सीट हातानं पुसली. मग म्हणाले, "बसा."

मी बसलो. दुसरं काय करणार? आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी आगंतुकासारखा बसलोय, पंक्तीत आणि सभेत. पण त्या सीटवर बसताना जसा अवघडलो तसा कुठेच नाही. पालघर ते सरावली भाऊ रस्त्याच्या कडेकडेनंच चालले. गाडी सुरेख चालत होती. वजनाचं तिला काहीसुद्धा वाटत नव्हतं.

घरी राहीबाई वाटच बघत होत्या. "किती घेतलं फुकटाचं?"

भाऊंनी आकडा सांगितला.

"आगं बया! आन् ते इचारलं का?"

भाऊ माठाकडे गेले, पेलाभर पाणी प्यायले. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. मनातून मी तशी प्रार्थनाच करत होतो. पण रिॲक्टरवर त्या माणसानं कधी खोटं तापमान सांगितलं नव्हतं.

"इचारलं," ते म्हणाले. "चालत होतं म्हणला. पहिल्या दिवसापास्नं."

राहीबाई आधी हसल्या. नेहमीसारख्या, मोठ्यानं. "बघा! मी म्हणत नव्हते?" म्हणाल्या, आणि मध्येच हसू कुठेतरी अडकलं.

रागावल्या की राहीबाई भिंतीकडे तोंड करून, नवऱ्याकडे पाठ करून पडत आणि चांगल्या दोन दोन दिवस तशाच राहत. पण खुब्यात सळई असलेल्या माणसाला कूस बदलता येत नाही. त्यांनी एकदा प्रयत्न केला, ओठ दाबून घेतले, आणि पुन्हा उताण्या झाल्या. मग पदर ओढून तोंडावर घेतला.

रामकिसनभाऊ खाटेच्या पायथ्याशी बसले. मी चपला घातल्या आणि निघालो.