हिरव्या रेघेचा रस्ता

ओटावात माझ्या ऑफिसात एक फ्रेंचभाषिक सहकारी होता. त्याचं गाव नदीपलीकडच्या डोंगरात. २०१६च्या उन्हाळ्यात मी एक सेकंडहँड रोड बाइक घेतली, तेव्हा त्यानं मला एक कागद दिला. त्याच्या भागातल्या रस्त्यांचा नकाशा त्यानं हातानं काढला होता. ज्या रस्त्यावर गाड्या कमी, त्यावर एक हिरवी रेघ. ज्यावर जवळजवळ नाहीतच, त्यावर दोन.

"दोन रेघांवरच जा," तो म्हणाला. "गाड्यांपेक्षा हरणं जास्त दिसतील."

दर रविवारी सकाळी मी गाडीच्या मागे सायकल बांधून पूल ओलांडायचो. पलीकडे पाट्या फ्रेंचमध्ये, चर्चची पत्र्याची टोकदार शिखरं, आणि एकामागून एक चढउतार. मेपलच्या रानातून रस्ता वळत जायचा. मध्येच एखादं घर, अंगणात गवत कापायचं यंत्र, पण माणूस नाही. पहिले काही रविवार मी खूश होतो. मग कधीतरी एका चढावर मला मागून आवाज आला. चेन कव्हर चाकाला घासल्यासारखा, सावकाश, माझ्याच वेगानं. मी बाजूला होऊन वाट दिली. कोणी पुढे गेलं नाही. मागे पाहिलं तर रस्ता मोकळा.

माझ्या बाइकला चेन कव्हरच नाही. तो आवाज कुठला, हे मला लगेच कळलं होतं. बायकोला मात्र मी एवढंच सांगितलं की त्या बाजूला फार शांत वाटतं.

आमचं गाव तालुक्यापासून नऊ किलोमीटर. मध्ये एक खिंड, आणि खिंडीत घर नाही, शेत नाही. माझी मोठी बहीण दहावीला केंद्रात पहिली आली, तेव्हा आमच्या वडिलांनी, अण्णांनी, तिला एक जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. तिचं चेन कव्हर वाकडं होतं, चाकाला घासायचं. ताई रोज खिंड चढून ज्युनियर कॉलेजला जायची. विज्ञान शाखेला आमच्या गावातली ती पहिलीच मुलगी. मी बारा वर्षांचा होतो आणि मला ती सायकल हवी होती. ताईचं कॉलेज संपलं की ती तुझीच, असं अण्णांनी कबूल केलं होतं.

तिची अकरावी संपत आली होती, त्या उन्हाळ्यात मी करवंदं काढायला खिंडीत गेलो होतो. ताई रस्त्याकडेला उभी होती. तिच्या सायकलची चेन पडली होती आणि दुधाच्या किटल्या नेणारा एक मोटरसायकलवाला उकिडवा बसून ती चढवत होता. ताई त्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसली. मला पाहून म्हणाली, "घरी सांगत बसू नकोस, उगाच काळजी करतील."

मी जेवताना सांगितलं. ताई खिंडीत एका माणसाशी हसत बोलत होती, एवढंच. चेनीचं सांगितलं नाही. ताईनं लगेच सांगितलं. अण्णांचा हात ताटातच थांबला. त्यांनी मला विचारलं, "चेन पडली होती का रे?"

मी म्हणालो, "मला नाही दिसली."

अण्णा मारझोड करणारे नव्हते. ते फक्त म्हणाले, रस्ता निर्मनुष्य आहे, उद्यापासून कॉलेज बंद. वर्षभरात ताईचं लग्न झालं. त्या सायकलवर मी हायस्कूलला गेलो, मग कॉलेजला. मुलं "ताईची सायकल आली" म्हणून हसायची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. गावानं सत्कार केला. भाषणात मी गुरुजींचे आभार मानले, अण्णांचे मानले, शेवटी त्या सायकलचेही मानले. लोक हसले. बायकांच्या ओळीत बसून ताई टाळ्या वाजवत होती.

२०१७ला आम्हाला मुलगी झाली. आईचे गुडघे गेलेले, तिला विमानप्रवास झेपणार नव्हता, म्हणून बाळंतपणाला ताई आली. अळीव, डिंक, बाळाचं झबलं, सगळं बॅगेत कोंबून. दीड महिना ती घरातून हलली नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "ताईंना जरा बाहेर काढा. आम्ही दोघी झोपतो."

मी ताईला विचारलं, सायकल चालवशील का.

"एकवीस वर्षं झाली," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

भाड्यानं गिअरची एक साधी सायकल घेतली. ताईनं ओढणी कमरेला बांधली. हेल्मेट हातात घेऊन म्हणाली, "हे टोपलं कशाला? हितं काय दगड मारतात?" दहा मिनिटं डगमगली, एकदा गवतात गेली, मग अशी चालवायला लागली की मीच मागे पडलो.

दोन हिरव्या रेघांचा रस्ता होता. पाऊण तास झाला, एकही गाडी नाही. ताई एका घरापाशी थांबली. दाराला कुंड्या, दोरीवर वाळत घातलेली चादर.

"हितं माणसं राहतात, का नुसतीच घरं?"

"राहतात. झोपली असतील."

"आणि बाया जातात या रस्त्यानं? एकट्या?"

"जातात की. हा रस्ता चांगला म्हणून नकाशात दाखवलाय. कुणी नसतं म्हणून."

ताई हँडल धरून रस्त्याकडे बघत राहिली. मी काही ठरवून आलो नव्हतो. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी चेन पडली होती. मी बघितलं होतं."

"मला काय नवीन सांगतोस," ती म्हणाली. "तिथं मीच होते."

मी चूक झाली म्हणालो. सायकल हवी होती म्हणालो. लहान होतो, हेही म्हणालो, आणि ते म्हणताना माझी मलाच लाज वाटली. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग? अण्णांना सांगितलंस का कधी?"

नव्हतं सांगितलं. मी पुण्यात नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी अण्णा गेले. तोवर कितीतरी रविवार मी त्यांच्याजवळ बसलो होतो.

"ते जाईपर्यंत मला कधी एकटीला बाजारात सोडलं नाही," ताई म्हणाली. "मला दोन पोरं झाल्यावरसुद्धा. रागावून नाही, मायेनंच. पण त्यांच्या मनात ते होतंच." मग म्हणाली, "आई आहे अजून. तिला सांग."

"सांगतो."

"घरी गेल्यावर नाही. आता."

मी फोन काढला. रेंज नव्हती. ताईनं चढाकडे बोट दाखवलं. "वर येईल." आणि ती निघाली. मोठा चढ होता. ती उतरून चालेल असं मला वाटलं, पण उतरली नाही. मी तिच्या मागे होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की चढ आणखी लांब असावा.

वर मोकळं पठार होतं, गवताचे गोल भारे पडलेले. रेंज आली. गावी संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. मी फोन स्पीकरवर टाकला. ताईनं खूण केली, मी आहे हे सांगू नकोस.

आईनं आधी बाळाचं विचारलं. मग थंडीचं, जुलैत. मी म्हणालो, "आई, एक जुनी गोष्ट सांगायची होती. ताईचं कॉलेज बंद झालं ना, तेव्हा तिच्या सायकलची चेन खरंच पडली होती. मी खोटं बोललो होतो."

पलीकडे शेजारच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "तिच्या ओढणीला काळं ग्रीस लागलेलं. दुसऱ्या दिवशी मीच धुतली की. निघता निघेना."

"मग तू अण्णांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? मलाही तो रस्ता नकोच होता. रोज ती येईपर्यंत माझा जीव खिंडीत असायचा. तुझ्यामुळे सुटला." मग तिचा आवाज बारीक झाला. "ताई आहे का तिथं?"

मी ताईकडे पाहिलं. तिनं मानेनंच नको म्हटलं.

"नाही," मी म्हणालो. "घरी आहे. बाळापाशी."

"तिला नको सांगूस हं," आई म्हणाली, आणि बाळाला तेल कोणतं लावता, ते विचारायला लागली.

फोन ठेवल्यावर मी ताईशी काहीतरी बोलणार होतो. तिनं ओढणी सोडून तोंड पुसलं, पुन्हा कमरेला बांधली. म्हणाली, "पुढं कुठं जातो हा रस्ता?"

मला माहीत नव्हतं. मी नेहमी तिथूनच परत फिरायचो.

"मी बघून येते. तू हितं थांब."

"ताई, एकटी नको. फोन लागत नाही खाली. तुला पाट्यासुद्धा वाचता येणार नाहीत."

"थांब म्हटलं ना."

ती उताराला लागली. वळणापर्यंत तिचं पिवळं हेल्मेट दिसत होतं, मग दिसेनासं झालं. मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. तिच्या मागे जावं असं दर मिनिटाला वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. एक गाडी आली असती तरी बरं वाटलं असतं. त्या रस्त्यावर कोणी यावं, कोणीतरी तिला पाहावं, आणि कोणीही तिला भेटू नये, हे दोन्ही मी एकाच वेळी मागत होतो.

सव्वा तासानं ती परत आली. चालत, सायकल हातात धरून, घामानं निथळत. हात ग्रीसनं काळे झाले होते. मी विचारलं काय झालं, कोण भेटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. गवतात हात पुसले, आणि परतीच्या उताराला माझ्या पुढे निघाली.