सेफ्टीकाकांचा अकरा पानी अहवाल

सेफ्टीकाका हॉटेलात शिरले की मेनूकार्डाच्या आधी मागच्या दाराची चौकशी करत. सौदीतल्या अल-खोबरला, समुद्रकाठच्या कॉर्निशजवळ आमची बिर्याणीची एक ठरलेली जागा होती. तिथलं मागचं दार तांदळाच्या पोत्यांनी अडवलेलं त्यांना दिसलं. मॅनेजर "कल हटा देंगे, खलास" म्हणत राहिला. काकांनी बाह्या दुमडल्या आणि स्वतःच पोती ओढायला लागले. शेवटी माझा नवरा आणि दोन वेटर मदतीला गेले. बिर्याणी पार गार झाली. "यांच्याबरोबर बाहेर जेवायचं म्हणजे आधी हमाली," काकू म्हणाल्या.

काका मूळचे नाशिकचे, एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. नाव पोरांनी पाडलेलं, पण पुढे त्यांची स्वतःची बायकोही कधी कधी त्याच नावाने हाक मारायची. ऑगस्टच्या उन्हात एका बिहारी वेल्डरने "साहब, चक्कर आ रहा है" म्हटल्यावर त्यांनी अख्खी साइट दोन तास बंद ठेवली होती. वरिष्ठ भडकले, पगारवाढ अडली. काकांना त्याचं काही नव्हतं. "काम थांबवायचा पहिला हक्क सगळ्यात खालच्या माणसाचा," ते म्हणायचे. "तो 'नको' म्हणाला की थांबायचं. कारण नंतर विचारायचं."

त्यांचा एकुलता एक मुलगा अनिकेत. इथल्या इंडियन स्कूलमधून बारावी करून अमेरिकेला गेला. लाजाळू पोरगा, पहिले काही महिने फार एकटा पडला. मग एके दिवशी त्याला तिथल्या मुलांच्या एका मंडळाने बोलावलं. तिकडे कॉलेजांतून अशी मंडळं असतात. त्यांचं स्वतःचं मोठं घर असतं, आत जाताना शपथ असते, आणि आत घेण्याआधी काही आठवडे नव्या मुलांची परीक्षा पाहतात. एकमेकांना ते भाऊ म्हणतात. अनिकेतचा टाय लावलेला फोटो काकांनी आम्हा सगळ्यांना दाखवला. "भावंडं नव्हती बिचाऱ्याला. आता चाळीस झाली." आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी मुलाला एक प्रश्न विचारलाच: त्या घरात धुराचा अलार्म आहे का? अनिकेतने छतावरच्या अलार्मचा फोटो पाठवला. काकांचं समाधान झालं.

अमेरिकेहून तो फोन शनिवारी दुपारी आला. काकू जवळच्या कतीफच्या बाजारातून आणलेली कोळंबी सोलत होत्या. मी वर गेले तेव्हा त्यांचे हात तसेच ओले होते आणि काका फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "बट व्हॉट टाइम? व्हॉट टाइम यू कॉल्ड अँब्युलन्स?"

अनिकेतचे अंत्यसंस्कार नाशिकला झाले. दोन महिन्यांनी दोघं परतले. कारखान्यात अपघात झाला की काका जसा अहवाल लिहायचे तसा त्यांनी मुलाच्या मृत्यूचा लिहिला. अकरा पानं. त्या रात्री नव्या मुलांना दारूची एकेक बाटली संपवायला दिली होती. निघून जायला दार उघडं होतं, हात कुणी धरला नव्हता. अनिकेत पडल्यावर त्याला सोफ्यावर कुशीवर निजवलं आणि पाठीला पुस्तकांनी भरलेली बॅग बांधली. झोपेत उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून.

"म्हणजे मरू शकतो हे त्यांना माहीत होतं, मीनल," काका मला म्हणाले. "बॅग बांधायचं सुचलं. फोन करायचं नाही सुचलं. अँब्युलन्स आली असती तर मंडळ बंद पडलं असतं ना."

पुढे कुणाचाही मुलगा तिकडे निघाला की काका अहवाल घेऊन त्या घरी जायचे. काही जणांना ते नकोसं व्हायचं. पेढे वाटत असताना असा माणूस दारात उभा. माझ्या मुलाला, केतनला, तिकडे प्रवेश मिळाला तेव्हा ते आमच्याकडे आले. काकूही होत्या. काकांनी केतनला काही विचारलं नाही, आम्हाला सांगितलं: "तो 'हे सांगता येत नाही, गुप्त आहे' म्हणाला तर समजा. झोप होत नाही म्हणाला, फोन टाळायला लागला, तर समजा. अलार्म आहे का विचारू नका. तू 'नको' म्हणालास तर काय होतं, हे विचारा."

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. त्यावर कारणं ओळीने लिहिली होती. सातवं कारण होतं: वडील.

"पंधरा दिवस आधी त्याचा फोन आला होता. म्हणाला, बाबा, मला हे सोडावंसं वाटतंय. मी म्हटलं, हातात घेतलंयस तर पूर्ण कर. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या काकांकडे वळल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"तू काळजी करत बसली असतीस."

"बसले असते," काकू म्हणाल्या. "आणि त्याला परत बोलावलं असतं." त्या उठल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेल्या. त्या दिवसापासून त्या काकांशी बोलेनाशा झाल्या. पानं वाढायच्या, कपड्यांना इस्त्री करायच्या, पण शब्द नाही.

एवढं ऐकूनही केतन तिकडे अशाच एका मंडळात शिरला होता. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "आई, आय वॉन्ट आउट. पण मी गेलो तर बाकीच्यांना दुप्पट त्रास देणार म्हणतात." खरं सांगते, माझ्याही ओठांवर 'थोडं सहन कर' आलं होतं. मी म्हटलं, "आत्ता बाहेर पड. कपडे घ्यायलाही थांबू नकोस." तो पडला. पुढे वर्षभर मेसमध्ये एकटा जेवला.

काकांना बरं वाटेल म्हणून मी वर जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून किती आहेत आत?"

"बारा."

"त्यांच्या आईवडिलांचे नंबर?"

केतनला पाचच मिळाले. काका-काकूंना कायमचं नाशिकला परत जायला तेव्हा महिना उरला होता. शनिवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, काका फोन घेऊन बसले. मी शेजारी होते. पहिल्याने फोन कापला. दुसऱ्या गृहस्थांनी हसून सांगितलं की तेही त्याच मंडळात होते, त्यांना काही झालं नव्हतं. तिसरा कुणी उचलला नाही. काकांचे आकडे चुकायला लागले. स्वयंपाकघरातून काकू आल्या, पदराला हात पुसत त्यांच्याशेजारी बसल्या आणि कागद हातात घेतला.

"मी वाचते. तुम्ही दाबा."

पाचांपैकी पुढे एकच मुलगा बाहेर पडला, तो या चौथ्या नंबरचा. फोन त्याच्या आईने उचलला. काकांनी आपल्या साध्या इंग्रजीत बाटली सांगितली, सोफा सांगितला, बॅग सांगितली. मग त्या बाईंनी विचारलं, तुमच्या मुलाचं नाव काय होतं?

काकांनी फोन कानापासून खाली घेतला. काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि नाव सांगितलं. त्या बाईंना ते नीट कळलं नसावं. मग काकूंनी एकेक अक्षर सुटं करून, न चुकता, शेवटपर्यंत सांगितलं.